खारबोटच्या पुलावरची लाल रेघ

सकाळी साडेदहाला टॅबने तिसऱ्यांदा फोटो नाकारला.

विमला घर्ती खारबोटच्या झुलत्या पुलाच्या टोकाशी असलेल्या काँक्रीटच्या खड्ड्यात उकिडवी बसली होती. पुलाच्या मुख्य केबल या खड्ड्यात उतरतात, जाड लोखंडी कांबीला वळसा घालून परत आपल्याच अंगावर येतात आणि तिथे पाच क्लॅम्पांनी आवळलेल्या असतात. पाचव्या क्लॅम्पच्या पुढे केबलचं मोकळं शेपूट उरतं. पुलावरून माणसं, खेचरं, सिमेंटच्या गोण्या जे काही जातं, त्याचं वजन शेवटी या क्लॅम्पांच्या पकडीवर येतं.

तिच्या हातातला टॅब जाड काळ्या रबराच्या कवचातला होता. खात्याने मागच्या वर्षी प्रत्येक कनिष्ठ अभियंत्याला एकेक दिला होता. तो पावसात चालतो, दगडावर पडला तरी फुटत नाही, हातमोजा घातलेलं बोटही ओळखतो. त्याचा हट्ट एकच, फोटो मागच्या तपासणीच्या जागेवरूनच हवा. कॅमेरा उघडला की मागच्या वर्षीचा फोटो पडद्यावर फिकट सावलीसारखा दिसतो. आजचं दृश्य त्या सावलीवर बसलं तर फोटो निघतो. नाही बसलं तर अक्षरं येतात, 'जागा चुकली, पुन्हा घ्या.'

"काय म्हणतोय डबा?" वरून खगेंद्रने विचारलं. तो विमलाबरोबर मापं घ्यायला आला होता.

"जागा चुकली म्हणतोय."

"मॅडम, खड्ड्यात दोघांपुरतीच जागा आहे. एक तुम्ही, दुसरा तो बेडूक. चुकणार कोण?"

"मग बेडकाला वर घे आणि तू खाली ये."

खगेंद्र उतरला. दोघांनी पडद्यावर पाहिलं. भिंतीचा कोपरा सावलीवर बसत होता. डाव्या केबलचे पाचही क्लॅम्प बसत होते. शेवटच्या क्लॅम्पला लागून केबलवर ओढलेली लाल रेघ तर तंतोतंत बसत होती. बसत नव्हतं ते फक्त शेपूट. सावलीतलं शेपूट आजच्यापेक्षा चार बोटं लांब होतं.

"कापलं असेल कुणीतरी," खगेंद्र म्हणाला. "कोयत्याच्या मुठीला बांधायला."

विमलाने शेपटाच्या टोकावर बोट ठेवलं. तारा सुटू नयेत म्हणून कारखान्यात टोकाला गुंडाळलेली बारीक तार जशीच्या तशी होती. म्हणजे कापलेलं नव्हतं.

"पुलाचा मध्य किती आला?"

"तेच सांगणार होतो. मागच्या वर्षीपेक्षा वीतभर खाली. मला वाटलं, माझंच माप चुकलं. दोनदा घेतलं."

केबल थोडी जरी सरकली तरी पुलाचा मध्य त्याच्या कितीतरी पट खाली येतो, हे दोघांनाही माहीत होतं. पण केबल सरकली असती तर लाल रेघेने ते आधीच सांगितलं असतं. रेघ त्यासाठीच असते. पूल बांधून झाला की पाचव्या क्लॅम्पला लागून शेपटावर ती ओढतात. केबल सरकली की शेपूट क्लॅम्पमध्ये ओढलं जातं आणि त्याबरोबर रेघही आत जाते. इथे रेघ जागेवर होती. शिवाय ती कालच काढल्यासारखी ताजी होती.

"नरजित काका!" तिने हाक मारली.

नरजित बुढा या पुलाचा रखवालदार. वय साठीच्या पुढे, डोक्यावर टोपी, कमरेला लाल पटका. फळ्या बदलणं, नट आवळणं, ग्रीस लावणं ही कामं त्याच्याकडे. पूल बांधला तेव्हा त्याने पाठीवरून केबल वाहिली होती. तो पाना हातात घेऊनच आला.

"काका, ही रेघ कुणी मारली?"

"कोण मारणार? मीच." त्याचा चेहरा खुलला. "दसैंचा सण आला की घराला तांबडी माती लावतो आपण, तसाच पुलावरही हात फिरवतो. पूल घरचाच ना."

"दरवर्षी?"

"रेघ पुसली जाते ना, बैनी. एका दसैंला अर्धीच उरलेली, क्लॅम्पला चिकटून. पुढच्या वर्षी पार नाहीशी. मग नवी ओढतो, होती तिथेच, क्लॅम्पला लागून. मागच्या साली तपासायला सर आले होते, ते म्हणाले, काका, जिल्ह्यात एवढी साफ रेघ कुठल्याच पुलावर नाही."

विमलाने खिशातून चिंधी काढली आणि चौथ्या नि पाचव्या क्लॅम्पच्या मधलं ग्रीस पुसायला लागली. ग्रीस घट्ट होतं. खाली तारांच्या पिळात लाल रंग दिसला. तिने आणखी पुसलं. पहिल्यापासून बोटभर अंतरावर दुसरा लाल पट्टा निघाला.

"काका," ती हळू म्हणाली, "रेघ पुसली जात नव्हती. आत जात होती."

नरजितने वाकून पाहिलं. मग एकदम म्हणाला, "पण नट तर मी आवळतो! दर महिन्याला!"

"दाखवा आवळून."

त्याने पाना लावला. पहिल्या दोन क्लॅम्पांचे नट घट्ट होते. तिसऱ्याचा फिरला, फिरतच राहिला. आटे गेले होते. चौथ्याचं तेच, पाचव्याचं तेच. नरजितने पाना खाली ठेवला आणि हात पटक्याला पुसले, पुन्हा पुन्हा.

विमलाने टॅबवर 'दृश्य बदलले आहे' हा पर्याय निवडला, जसं होतं तसे फोटो घेतले आणि यादीत डाव्या मुख्य केबलच्या नावापुढे लाल खूण केली. लाल खुणेला दोन मंजुऱ्या लागतात. एक जिल्ह्याच्या अभियंत्याची, दुसरी शाखाप्रमुखाची. दोन्ही आल्या की पूल बंद करण्याचा हुकूम आपोआप गाउँपालिकेला, म्हणजे गावच्या पंचायतीला जातो. तोवर टॅबवरचं लाल म्हणजे एका बाईचं मत.

दरीत नेटवर्क नव्हतं. ते वर डांड्यावर, पिंपळाच्या पारापाशी मिळतं.

"टॅब घेऊन वर जा," ती खगेंद्रला म्हणाली. "अहवाल गेला की लगेच जिल्ह्याच्या सरांना फोन लाव. दोन्ही मंजुऱ्या आल्याशिवाय खाली उतरू नकोस."

"आणि कुणी पुलावर आलं तर?"

"मी आहे ना."

"तुम्ही आहात, पण हुकूम कुठाय?"

"म्हणून तर तुला पाठवतेय. पळ आता."

खगेंद्र चढायला लागला. विमलाने बॅगेतला खिळा काढला आणि पाचव्या क्लॅम्पच्या कडेला टेकवून केबलवर नवी, केसासारखी बारीक रेघ कोरली. नरजितला जवळ बसवलं.

"काका, मी पलीकडे जाऊन त्या बाजूला साखळी लावते. पुलावर काहीही आलं की ही रेघ बघायची. हात लावायचा नाही. फक्त बघायचं. हलली नसेल तर वर येऊन टोपी दाखवा. सुताएवढी जरी आत गेली तरी पटका दाखवा."

"दिसेल मला?" त्याने विचारलं. नजरेबद्दल विचारलं की आणखी कशाबद्दल, ते कळलं नाही.

"तुम्हालाच दिसेल. दुसरं कुणी इथे नाही."

ती साखळी खांद्यावर टाकून पुलावर चढली. मध्याजवळ पोचली तेव्हा पलीकडून घंटा ऐकू आल्या.

डोल्पाच्या पहाडातून दसैंच्या बाजारासाठी निघालेला कळप होता. लांब केसांचे पहाडी बकरे, चारशेच्या आसपास. आघाडीच्या बकऱ्याच्या गळ्यात घंटा, शिंगांना तांबडं फडकं. त्याच्यासोबत कळप हाकणारा उर्गेन, अंगावर मळका लोकरी बख्खू, हातात गोफण. विमला पोचली तेव्हा बकऱ्याचे पुढचे पाय पहिल्या फळीवर होते. तिने शिंगं धरली.

"बाजूला हो, बैनी," उर्गेन म्हणाला. "पुढचा थांबला की मागचे डोक्यावर चढतात."

"दाजू, पूल बंद आहे."

"कुणी केला?"

"मी."

"तुझा आहे?"

"तपासणीला आले आहे. पलीकडे केबल सुटत चालली आहे."

"कागद दाखव."

"कागद येतोय."

"कुठून?"

तिने डांड्याकडे बोट केलं. वर खगेंद्र मुंगीएवढा दिसत होता.

"म्हणजे ढगातून," उर्गेन म्हणाला. "बैनी, परवा याच पुलावरून दुसऱ्या गावचा कळप गेला. माझ्यापेक्षा मोठा. तेव्हा बंद नव्हता?"

"तेव्हाच बंद असायला हवा होता."

"मी परत जाऊ? मागे बघ जरा."

तिने पाहिलं. पुलाच्या तोंडाशी छोटं सपाट होतं, शंभरेक बकरे मावतील एवढं. त्यामागे वाट कड्याला चिकटून होती, एका माणसाच्या रुंदीची, आणि तिच्यावर यंदाच्या पावसात आलेली दरड. दुपारचा वारा सुटला होता. वाऱ्याने दरडीतले गोटे सुटत होते, वाटेवर आपटून खाली भेरी नदीत पडत होते. उरलेला सगळा कळप त्या वाटेवर अडकला होता. कळपाच्या शेपटाला उर्गेनची बायको डोल्मा होती. तिचं ओरडणं वाऱ्याबरोबर येत होतं, शब्द कळत नव्हते.

"वरचा पूल?" विमलाने विचारलं.

"एक दिवसाची वाट. याच दरडीखालून. आणि ऐक, हे बकरे माझे नाहीत. सात घरांचे आहेत. त्यांना काय सांगू, एक बाई आडवी आली म्हणून?"

"सांग, पूल पडला असता."

"पडला नाही ना अजून!"

तेवढ्यात वरून मोठा गोटा सुटला. वाटेवरच्या एका बकऱ्याला लागला. बकरा आवाज न करता कड्यावरून गेला आणि पाण्यात दिसेनासा झाला. मागचे बिथरले, पुढच्यांवर रेटले. सपाटावरची रांग पुलाकडे सरकली. विमलाच्या पाठीला पुलाचा खांब लागला.

उर्गेन आता आवाज न चढवता बोलला. "डोल्मा तिथे दरडीखाली आहे. पुढचा गोटा कुणाला लागेल ते तू सांग मला."

तिने पलीकडे पाहिलं. नरजित खड्ड्यातून वर आला होता, टोपी हलवत होता. म्हणजे तिच्या एकटीच्या वजनाने रेघ हलली नव्हती.

"वीस," ती म्हणाली. "एका वेळी वीस. चालत. एकही पळता कामा नये. वीस पार झाले की टोपीची वाट बघायची. पटका दिसला तर तिथेच संपलं. मग तू मला नदीत टाकलंस तरी पुढचा बकरा जाणार नाही."

"पंचवीस."

"दाजू, हा बाजार नाही."

उर्गेनने आघाडीच्या बकऱ्याची शिंगं तिच्या हातातून घेतली. "पहिल्या विसांत मी जातो. पलीकडे यांना कुणी धरलं नाही तर परत फिरतील. डोल्मा मागून सोडेल."

तो गेला. पूल हलला, पण कुणी पळाल्यावर हलतो तसा नाही. बकरे एकामागे एक, खुरांचा आवाज फळ्यांवर पावसासारखा. ते पार झाले. नरजित खड्ड्यात उतरला, वर आला. टोपी.

दुसरे वीस. टोपी. तिसरे. टोपी. विमलाने पुलाच्या तोंडावर साखळी आडवी धरली होती. एक टोक खांबाला, दुसरं मनगटाला गुंडाळलेलं. टोपी दिसली की साखळी उचलायची, वीस झाले की खाली टाकायची. मनगट सोलवटलं. दरडीखालची रांग हळूहळू आखूड होत होती. निम्म्याहून जास्त कळप पार झाला तेव्हा डोल्मा उरलेल्या बकऱ्यांमधून वाट काढत सपाटावर पोचली. तिच्या कपाळावर रक्त सुकलं होतं.

"लागलं का, दिदी?"

"खरचटलं. किती राहिले?"

"हे समोरचे आणि वाटेवरचे. दीडशे असतील."

"तो म्हातारा प्रत्येक वेळी खड्ड्यात काय शोधतो? अंडी घातलीत का त्याने?"

विमला हसली. दिवसभरात पहिल्यांदाच.

त्यानंतर दोन गट गेले. दुसरा पार झाल्यावर नरजित खड्ड्यात उतरला आणि लवकर वर आला नाही.

"झोपला," डोल्मा म्हणाली.

एवढा वेळ नरजितला कधी लागला नव्हता. खाली काय चाललं असेल ते विमलाला इथून दिसणं शक्य नव्हतं. रेघ हलली असेल आणि म्हातारा तिच्याकडे बघत बसला असेल. किंवा नजर ठरत नसेल. किंवा गेल्या तीन दसैंचं काहीतरी मनात मोजत असेल. उर्गेन पलीकडच्या टोकाला उभा होता. तोही खड्ड्याकडेच बघत होता.

नरजित वर आला. त्याच्या हातात ना टोपी होती ना पटका. तो नुसता उभा राहिला.

"काय झालं याला?" डोल्मा म्हणाली. "दाखव ना काहीतरी, मेल्या!"

मग त्याने कमरेचा पटका सोडला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

त्याच वेळी पलीकडे आघाडीच्या बकऱ्याने मान झटकली. घंटा वाजली. सपाटावरच्या पुढच्या बकऱ्यांनी ती ऐकली आणि साखळीखालून निसटले. विमलाने साखळी ताणली, दोघांना गुडघ्यांनी अडवलं, पण दहा-बारा पुलावर गेले होते. मीटरभर रुंदीच्या फळ्यांवर बकरा वळत नाही. मागून हाक मारली तर बिथरतो.

"गप्प," ती डोल्माला म्हणाली. "कुणीच आवाज करायचा नाही."

बकरे मध्याकडे उतरले. पलीकडून वाळकं लाकूड मोडावं तसा एक आवाज आला. पुलाची डावी बाजू खाली बसली, थोडीच, पण इथून दिसावी इतकी. फळ्या तिरक्या झाल्या. बकरे थबकले. एकाचा पाय कडेच्या जाळीत गेला, त्याने तो ओढून काढला. उर्गेनने पलीकडून घंटेचा बकरा हळूहळू मागे नेला, घंटा लांब लांब जात राहिली, आणि पुलावरचे तिच्यामागे चालू लागले. शेवटचा बकरा काठावर चढला तेव्हा विमलाने मनगटाची साखळी सोडली, खांबाला दोनदा गुंडाळली आणि कुलूप लावलं.

पलीकडे नरजितने हाताची दोन बोटं वर करून दाखवली, मग ती एकमेकांना जोडली. दोन बोटं रुंदी. रेघ दोन बोटं आत गेली होती.

उर्गेन पुलाकडे धावला. नरजित आडवा आला. ते काय बोलले ते नदीच्या आवाजात ऐकू आलं नाही. उर्गेनने म्हाताऱ्याचा दंड धरला, सोडला, पुन्हा धरला. डोल्मा काठावर येऊन घसा फाटेस्तोवर ओरडली, "येऊ नको! मी बरी आहे! येऊ नको, ऐकतोस का!" तो थांबला. ऐकू गेलं म्हणून की दुसऱ्या कशाने, सांगता येत नाही.

तीनला खगेंद्र अर्धा डांडा उतरून आला आणि कड्यावरून हातवारे करत ओरडला. दोन-तीनदा ओरडल्यावर नरजितला कळलं. अहवाल पोचला होता. जिल्ह्याच्या अभियंत्याची मंजुरी आली होती. शाखाप्रमुख दसैंच्या सुट्टीवर होते, सकाळच्या बसने गावी निघाले होते, फोन लागत नव्हता. त्यांच्या जागी सही कोण करणार हे कार्यालयात कुणाला ठाऊक नव्हतं. खगेंद्र परत वर गेला.

चारनंतर अलीकडच्या, नरजितच्या काठावर जीप आल्या. शहरातून सणाला घरी परतणारी माणसं, पाठीवर बॅगा, हातात नवे कपडे. त्यांची गावं पलीकडे, विमला होती त्या काठावर. पन्नासेक जण जमले. नरजितने या टोकालाही साखळी बांधली होती.

"काका, साखळी काढा, दसैंच्या टिळ्याआधी घरी पोचायचंय."

"पूल बंद आहे."

"हुकूम कुठाय?"

"येतोय."

"आम्ही एकेक करून जाऊ की! बकरे गेले ते चालतं, माणसं गेलेली नाही चालत?"

"बकरे गेले म्हणूनच," नरजित म्हणाला.

"काका, तुम्हीच दरवर्षी सांगता, पूल पक्का आहे म्हणून!"

नरजित खड्ड्याच्या तोंडाशी साखळीला पाठ लावून बसला. उर्गेन त्याच्या शेजारी येऊन बसला, गोफण मांडीवर ठेवून.

साडेपाचला मिळालेली शेवटची माहिती अशी. विमला, डोल्मा आणि शंभरेक बकरे पलीकडच्या सपाटावर आहेत. वारा पडला आहे, दरड शांत आहे. जिल्ह्याहून माणसं आणि नवे क्लॅम्प उद्या दुपारी निघतील असं कळवलं गेलं आहे, ते कुणी कळवलं याची खात्री झालेली नाही. जमलेल्यांपैकी दोघांनी गाउँपालिकेच्या अध्यक्षांना बोलवायला माणूस पाठवला आहे. टॅबवर लाल खूण कायम आहे आणि खाली लिहिलं आहे, 'दुसऱ्या मंजुरीच्या प्रतीक्षेत.'